अनावर मुले आणि समानुभूतीचे शिक्षण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच टाळ्यांच्या गजरात पार पडला. त्या सर्वांचे आणि त्यांच्या मातापित्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. मात्र आमचा विषय या व्यासपीठावरून ज्यांचे नाव कधीच पुकारले जात नाही अशा मुलांचा आहे. चिटणीसांनी आम्हांस प्रथम 'मुलांवरील सुसंस्कार' हा विषय सुचविला होता. त्यावर बोलणे सोपे, ऐकणे त्याहून सोपे आणि पंगत बसेपर्यंत विसरून जाणे सर्वांत सोपे. म्हणून त्यांच्या परवानगीने आम्ही विषय थोडा अडचणीचा करून घेतला आहे.

आरंभी एक प्रसंग सांगतो. तो अशाच एका संमेलनातला आहे. त्याचा तपशील आम्ही हेतुपुरस्सर बदलला आहे आणि मुलाच्या आईवडिलांची संमती घेतली आहे. संगीत खुर्चीचा खेळ रंगात आला होता. तीन खुर्च्या उरल्या असता नऊ वर्षांच्या एका मुलाने पाच वर्षांच्या मुलीस धक्का देऊन खुर्ची बळकावली. मुलगी पडली, तिचा ओठ फुटला. स्वयंसेवकाने त्यास खेळातून बाद केले, तेव्हा त्याने ती खुर्चीच उलथून टाकली आणि "मी नाही ढकलले, तीच मध्ये आली" असे ओरडू लागला. मुलगी रडत होती, पण याच्या डोळ्यांत टिपूस नव्हते. भोवतालच्या मंडळींनी लगोलग निकाल दिला. कोणी म्हणाले वळण नाही, कोणी म्हणाले लाड फार, आणि एका वयोवृद्ध बाईंनी त्याच्या आईस ऐकू जाईल अशा बेताने, आई नोकरी करते त्याचे हे फळ, असेही म्हणून घेतले.

त्या वेळी आम्ही काय केले? आम्ही निवृत्त मुख्याध्यापक. अशा प्रसंगी पुढे होणे हा आपला अधिकार आहे असे आम्हांस आजवर वाटत आले. आम्ही त्या मुलाचे मनगट धरले, त्यास मुलीसमोर उभे केले आणि सर्वांदेखत माफी माग म्हणून फर्मावले. त्याने माफी मागितली नाही. आमच्या हातास हिसडा दिला आणि तो हसला. जेवणापूर्वीच ते कुटुंब निघून गेले. पंगतीत तीन पाने रिकामी राहिली, ती वाढप्याने मुकाट्याने उचलली.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही, कारण तसले हसू आम्ही पूर्वी एकदा पाहिले होते. नोकरीच्या उमेदीच्या काळात, सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, आमच्या वर्गात एक मुलगा होता. बाकावर पाच मिनिटे स्थिर बसणे त्यास ठाऊक नव्हते. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देई आणि ते बहुधा बरोबर असे. एके दिवशी त्याने शेजारच्या मुलाची कंपासपेटी खिडकीतून खाली फेकली. ती पेटी त्या मुलाच्या वडिलांनी पगारातून पैसे बाजूला काढून घेतलेली होती. आम्ही त्या मुलास प्रार्थनेच्या वेळी सर्व शाळेसमोर कान धरून उभे केले आणि क्षमा मागावयास लावले. तो हसला. ते हसू म्हणजे निर्लज्जपणाचा पुरावा असे समजून आम्ही त्यास छड्या मारल्या. पुढल्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही. कोठे गेला याची चौकशी करावी असे आम्हांस वाटले नाही. आज त्याचे वय पन्नाशीच्या घरात असेल. या व्याख्यानाची तयारी करताना आम्हांस त्याचे आडनाव आठवले, नाव मात्र आठवले नाही.

या दोन्ही मुलांस दुसऱ्याचे दुःख कळत नव्हते, असे आम्ही त्या वेळी छातीठोकपणे सांगितले असते. आज तसे सांगवत नाही. त्याची कारणे आपणांपुढे मांडतो.

'सहानुभूती' हा शब्द आपल्याकडे आता दुखवट्याच्या ठरावात अधिक आढळतो. त्यात कीव करणारा वर बसलेला असतो आणि दुःखी माणूस खाली. आम्हांस अभिप्रेत असलेली गोष्ट निराळी आहे. दुसऱ्याच्या मनात या क्षणी काय चालले आहे हे ओळखणे, त्याचा थोडा चटका स्वतःस लागणे आणि त्या चटक्याने आपला हात आवरणे, या तिन्ही गोष्टी तीत येतात. इंग्रजीत या अर्थाचा शब्द टिचनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९०९ साली जर्मन शब्दावरून घडविला. मराठीत त्यास 'समानुभूती' म्हणतात. 'ज्याचे जळते त्याला कळते' असे म्हणून आपल्या म्हणीने हात झटकले आहेत. ज्याचे जळत नाही त्यालाही थोडे कळावे, हा या शिक्षणाचा हेतू होय. पैकी ओळखणे, चटका लागणे आणि हात आवरणे या तिहींची शक्ती एकाच वेळी, एकाच मापाने वाढत नाही, ही गोष्ट आम्हांस फार उशिरा कळली.

आता वैद्यकाकडे वळू. ज्या मुलांचे अवधान टिकत नाही, ज्यांची चंचलता वयाच्या मानाने फार आणि ज्यांना आवेग आवरत नाही, त्यांच्या या अवस्थेस डॉक्टरमंडळी 'एडीएचडी' म्हणतात. जी मुले दीर्घकाळ वडीलधाऱ्यांशी हुज्जत घालतात, सांगितलेले मुद्दाम मोडतात, चटकन संतापतात आणि दोष नेहमी दुसऱ्यावर ढकलतात, त्यांच्या अवस्थेस 'ओडीडी' म्हणजे विरोध व अवज्ञेचा विकार म्हणतात. जगभरच्या पाहण्यांत पहिल्या अवस्थेची मुले शेकडा पाचाच्या आसपास आढळली आहेत. दोन्ही अवस्था पुष्कळदा एकाच मुलात नांदतात. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सात ते साडेनऊ-दहा वर्षांची ५७९ चंचल मुले होती, आणि त्यांपैकी शेकडा ४० मुलांत अवज्ञेचा विकारही होता. आपल्या या सभागृहात आज दोनशे मुले असतील तर हिशेब आपणच करावा.

येथे एक आक्षेप आम्हांस ऐकू येतो. "आमच्या वेळी हे रोग नव्हते, दोन थोबाडीत बसल्या की सगळे सरळ होत." नावे नव्हती हे खरे, मुले होती. फ्रँकफुर्टच्या हाइनरिख हॉफमन या डॉक्टराच्या एकोणिसाव्या शतकातील बालपुस्तकात जेवणाच्या टेबलावर खुर्ची झुलवीत राहणारा आणि शेवटी टेबलक्लॉथासह सगळे जेवण खाली ओढणारा फिलिप आहे. लंडनमध्ये १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्याने दिली. बुद्धी चांगली असूनही ही मुले स्वतःस आवरू शकत नाहीत हे त्याने नेमके पाहिले, पण त्यास नाव दिले ते 'नैतिक नियंत्रणातील दोष' असे. आपल्याकडे अशा मुलास 'उनाड' म्हणत आणि विहिरीवर, शेतावर, आमराईत पिटाळीत. त्याच्या पायांतील भिंगरीस तेथे वाव मिळे. चाळीस बाकांच्या वर्गात आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तो वाव राहिला नाही. तरी जुन्या काळाचे कौतुक आम्ही या बाबतीत फारसे करणार नाही. त्या मुलांनी खाल्लेला मार आम्ही पाहिला आहे, आणि थोडा आम्हीच दिला आहे.

मेंदूसंबंधी गेल्या काही वर्षांत जे कळले आहे ते ऐकण्यासारखे आहे. २००७ साली अमेरिकेतील फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूची चित्रे घेऊन असे दाखविले की, मेंदूच्या बाह्य थराची वाढ इतर मुलांत सरासरी साडेसात वर्षांच्या सुमारास ज्या टप्प्यावर पोचते, तो टप्पा चंचल मुलांत सरासरी साडेदहाव्या वर्षी येतो. म्हणजे वाढ त्याच वाटेने होते, पण सुमारे तीन वर्षे मागून. हा विलंब सर्वांत ठळक होता तो मेंदूच्या पुढच्या भागात, जो अवधान राखतो आणि आवेगास लगाम घालतो. रसेल बार्कली या मानसशास्त्रज्ञाचा तर असा ठोकताळा आहे की, स्वतःस आवरण्याच्या बाबतीत अशा मुलाचे वय सुमारे ३० टक्क्यांनी कमी धरून चालावे. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. तथापि त्या हिशेबाने खुर्ची ढकलणारा नऊ वर्षांचा मुलगा आवरण्यापुरता सहा वर्षांचा होता. सहा वर्षांच्या मुलास आम्ही शेवटच्या तीन खुर्च्यांच्या धुमाळीत सोडले आणि न्याय मात्र नऊ वर्षांच्या मुलाचा केला.

त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. समोरच्याचा चेहरा वाचावयास अवधान लागते. शिक्षकाच्या कपाळावरील आठी, मित्राच्या आवाजातील बदल, बहिणीच्या डोळ्यांत दाटलेले पाणी, या क्षणार्धाच्या खुणा आहेत. ज्याचे मन त्या क्षणी खिडकीबाहेर होते त्याच्या वाट्यास एकदम भोकाडच येते, आणि ते का आले हे त्यास खरोखरच उमगत नाही. केनेथ डॉज यांनी १९८० साली आक्रमक मुलांचा अभ्यास करून दाखविले की, ज्या घटनेत हेतू स्पष्ट नसतो तेथे ही मुले समोरच्याचा वाईट हेतू गृहीत धरतात. कोपर लागले की मारले असे वाटते. "तीच मध्ये आली" हे त्या मुलाचे बोलणे आम्ही खोटेपणा समजलो होतो. त्याला ते तसेच दिसले असण्याचा पुष्कळ संभव आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, या मुलांपैकी बहुतेकांच्या ठिकाणी दुसऱ्याविषयीची जाण असते, पण लागेल त्या वेळी ती हाताशी येत नाही. हाच मुलगा आजारी आजीच्या उशाशी तांब्या भरून ठेवील, पावसात कुडकुडणारे कुत्र्याचे पिल्लू घरी आणील. काही थोडी मुले अशी असतात की, शांत असतानाही दुसऱ्याच्या वेदनेने त्यांस काही वाटत नाही आणि मुक्या प्राण्यास छळण्यात त्यांस सुख वाटते. त्यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे घरगुती उपायांत वेळ न दवडता मनोविकारतज्ज्ञाकडे जावे.

आता आपण सर्वजण जे उपाय करतो त्यांकडे पाहू. पहिला उपाय व्याख्यानाचा, म्हणजे जो आम्ही या घटकेस आपणांवर करीत आहोत तोच. मूल संतापाने थरथरत असता त्यास 'तिला काय वाटले असेल?' असे विचारणे हे तापाने फणफणलेल्या माणसास गणित घालण्यासारखे आहे. दुसरा उपाय प्रतिदंशाचा, म्हणजे चावले तर चावून दाखवावे, चिमटा काढला तर चिमटा काढावा, म्हणजे कळेल. त्यातून मुलास कळते ते एवढेच की मोठ्या माणसास चावण्याची मुभा आहे. तिसरा उपाय सक्तीच्या क्षमायाचनेचा, ज्यात आम्ही प्रवीण होतो. सर्वांदेखत लाजविलेल्या मुलाचे मन पूर्णपणे स्वतःच्या लाजेने भरून जाते, आणि दुसऱ्याच्या फुटलेल्या ओठासाठी तेथे जागाच उरत नाही. ते हसू त्या लाजेचे होते. कोंडीत सापडलेले मूल रडू येऊ नये म्हणून हसते, ही साधी गोष्ट तीस वर्षे शिकवूनही आम्हांस कळली नव्हती.

छडीचा प्रश्न तर कायद्यानेच निकालात काढला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलास शारीरिक शिक्षा देण्यास आणि मानसिक छळ करण्यास मनाई केली, आणि हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र कायदा सहसा येत नाही. तेथे काय होते याचे वर्णन जेरल्ड पॅटरसन यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात केले आहे. आई सांगते, मूल आरडाओरडा करते, आई दमून सोडून देते. मुलास धडा मिळतो की ओरडले की सुटका होते. दुसऱ्या दिवशी आई त्याहून मोठ्याने ओरडते, मूल क्षणभर गप्प होते, आणि आईस धडा मिळतो की आणखी मोठ्याने ओरडले पाहिजे. दोघेही एकमेकांस वाढत्या आवाजाचे शिक्षण देत राहतात. यात दुष्ट कोणी नसतो. सभागृहातील ज्या भगिनींना हे आपलेच घर वाटले असेल, त्यांनी खाली पाहण्याचे कारण नाही.

मग औषध द्यावे काय? ज्यांस डॉक्टरांनी तपासून औषध सांगितले आहे त्यांनी ते नातेवाइकांच्या सल्ल्याने बंद करू नये, एवढेच आम्ही सांगू. औषधाने पुष्कळ मुलांचे अवधान वाढते आणि आवेगास लगाम बसतो, म्हणजे शिकण्यास आवश्यक तो क्षणाचा अवकाश मिळतो. त्या अवकाशात काय शिकवावयाचे हे मात्र गोळीस ठाऊक नसते. शहरांतून आता मुलांस मिळून मिसळून वागण्याचे धडे देणारे वर्गही निघाले आहेत. त्यांचे आम्हांस कौतुक वाटते, परंतु एक गोष्ट सांगितली पाहिजे. कॉक्रेन या संस्थेच्या संशोधकांनी अशा मुलांसाठी घेतलेल्या सामाजिक कौशल्यांच्या वर्गांवरील पंचवीस चाचण्या एकत्र तपासल्या आणि २०१९ साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, त्यांचा ठळक फायदा दिसून येत नाही. हे वाचून आम्ही प्रथम निराश झालो. मग विचार केला की, बुधवारी सायंकाळी एका खोलीत चित्रातील दुःखी चेहरा ओळखणारे मूल रविवारी मामेभावाचा चेहरा ओळखीलच असे नाही. त्याची अडचण माहितीची नाहीच. ज्या जागी चूक होते त्याच जागी आणि ज्यांच्याशी होते त्यांच्याचबरोबर हा धडा द्यावा लागतो. म्हणजे घरात, अंगणात, जिन्यात, लग्नाच्या मांडवात. या शिक्षणाची शाळा आपण आहोत, आणि आपण त्या मुलास पंगतीतून उठवून देतो.

आमच्या घरातील एक अनुभव येथे सांगणे प्राप्त आहे. आमच्या कन्येचा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याच्यात या दोन्ही अवस्था असल्याचे डॉक्टरांनी निश्चित केले आहे. दिवाळीस तो आजोळी येतो. आमच्या चिरंजिवांचा मुलगा, म्हणजे त्याचा मामेभाऊ, दहा वर्षांचा असून त्यास किल्ल्याचे विलक्षण वेड. विटा, दगड, गोणपाट आणि दोन घमेली लाल माती यांचा त्याने आठवडाभर खपून किल्ला केला होता. त्यावर पेरलेल्या हळिवाचे कोवळे हिरवे अंकुर वर आले होते. धनत्रयोदशीच्या सकाळी धाकट्याने त्या किल्ल्यावर चढून तो पायांनी तुडविला. बुरूज कोसळले, मावळे मातीत गेले. थोरला ओरडलासुद्धा नाही, नुसता पाहत उभा राहिला. आम्ही आतून आलो आणि आमचा हात, जुन्या सवयीने, वर गेला. तो आमच्या सौभाग्यवतींनी धरला. त्या कधी शाळेत शिकविण्यास गेल्या नाहीत. मानसशास्त्राचे एकही पुस्तक त्यांनी वाचलेले नाही.

त्यांनी धाकट्यास आत नेले, पाणी दिले आणि त्याच्याशेजारी वाती वळीत बसल्या. अर्धा तास एक शब्द बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काय झालं रे?" तो म्हणाला, "मला तोफ ठेवायची होती. तो थांब म्हणाला. मी थांबलो. परत थांब म्हणाला. परत थांबलो. तिसऱ्यांदा म्हणाला." त्या म्हणाल्या, "तीनदा थांबायचं म्हणजे कठीणच." आम्ही दाराआडून ऐकत होतो आणि मनात म्हणालो, हा तर शुद्ध लाड झाला. पण त्या वाक्यासरशी मुलाचे खांदे खाली आले. त्याची बाजू कोणीतरी ऐकली होती. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "दादाने तो किल्ला किती दिवस केला?" मुलाने बोटे मोजली. "सात." "आणि हळीव उगवायला?" "चार." "आता तो कुठे आहे?" मुलगा उठून खिडकीशी गेला, बाहेर पाहिले आणि तेथेच उभा राहून रडू लागला. माफी माग असे त्यास कोणी सांगितले नव्हते.

येथे आमच्या सौभाग्यवतींनी जे केले ते आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यांनी धाकट्यास लगेच बाहेर नेऊन दोघांची गळाभेट घडविली नाही. त्या एकट्याच थोरल्याकडे गेल्या. आपण अशा वेळी अपराधी मुलाच्या सुधारणेत इतके रमतो की, ज्याचा किल्ला मोडला त्याच्यावर मोठेपणाचे ओझे टाकतो. 'तू मोठा आहेस, सोडून दे.' त्या थोरल्यास म्हणाल्या, "तुला राग आला तो बरोबर आहे. तो तुझ्या किल्ल्याला हात लावू शकेल की नाही, हे तू ठरव." त्याने ठरविले की आज नाही. दुसऱ्या दिवशी त्याने माती आणण्यापुरती परवानगी दिली. धाकट्याने मागल्या अंगणातून घमेल्याने माती वाहिली, वाटेत निम्मी सांडली, पुन्हा आणली. तिसऱ्या दिवशी त्यास हळीव भिजविण्याचे आणि रोज झारीने पाणी घालण्याचे काम मिळाले. भाऊबीज होऊन गेल्यावर अंकुर आले. किल्ला पहिल्याइतका चांगला झाला नाही. तोफ मात्र धाकट्याने ठेवली, आणि ती ठेवताना त्याने आपण होऊन विचारले, "इथे चालेल का?"

यानंतर त्याने पुन्हा काही मोडले नाही असे सांगितले तर ते खोटे होईल. माघ महिन्यात त्याने थोरल्याचा पतंग फाडला. फरक एवढाच की, तासाभराने तो स्वतः खळ आणि कागद घेऊन आला.

मार्टिन हॉफमन या मानसशास्त्रज्ञाने मुलांस वळण लावण्याच्या तीन रीती सांगितल्या आहेत. बळ दाखविणे, प्रेम काढून घेणे आणि तुझ्या कृतीने त्या दुसऱ्या माणसाचे काय झाले हे दाखवून देणे. तिसऱ्या रीतीनेच समानुभूती वाढीस लागते असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यात आम्ही आमच्या घरच्या अनुभवावरून एवढीच भर घालू की, या विशिष्ट मुलांच्या बाबतीत दाखवून देण्यापूर्वी थांबले पाहिजे, थांबण्यापूर्वी त्याचे ऐकले पाहिजे, आणि दाखवून झाल्यावर त्याच्या हातास काम दिले पाहिजे. ज्याची जीभ आणि पाय मनाच्या पुढे धावतात, त्यास पश्चात्तापही हातांनीच करता येतो.

आपल्याच भूमीत हे ओळखणारी माणसे होऊन गेली. भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षक पहिल्याच दिवशी वर्गात शांतीचा खेळ घेऊ पाहतो आणि मुले त्याचा पुरता बोजवारा उडवितात. तो छडी शोधीत नाही. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि तीच मुले शांत बसतात. त्याच भावनगरात गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस आणि पुढे कोसबाडास, अनुताई वाघांसह, ज्यांस शाळेत स्थिर बसण्याची सवय नाही अशा आदिवासी मुलांकडे शाळाच नेली. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या स्वतः आवरून ठेवीत आणि बोलून दाखवीत नसत, अशा आठवणी त्यांच्या विद्यार्थ्यांनी सांगितल्या आहेत. यांपैकी कोणीही 'विकार' हा शब्द वापरला नाही. मूल जेथे आहे तेथे आधी आपण जावे, हे त्यांच्या कामात आपोआप आले.

मंडळापुढे आमची मागणी लहानशी आहे. पुढील संमेलनात मुलांसाठी एक शांत खोली राखून ठेवावी, जेथे गोंगाट असह्य झालेले मूल शिक्षा म्हणून नव्हे, विसाव्यासाठी जाऊ शकेल. शेवटी एकच उरतो अशा खेळांऐवजी जोडीने करावयाचे खेळ अधिक ठेवावेत. ज्या मुलांस बसवत नाही त्यांस उभ्याचे काम द्यावे, पाणी वाटणे, पत्रावळी मांडणे, सतरंज्या घालणे. आमच्या अनुभवाने सांगतो, ती सतरंज्या फार चांगल्या घालतात. आणि ज्या माता अशा मुलांस घेऊन येतात त्यांस उपदेश करणे वर्षभर बंद ठेवावे. उपदेश करावाच असे ज्यांस वाटेल त्यांनी त्याऐवजी त्यांचे मूल तासभर सांभाळावे, म्हणजे ती माता निवांतपणे जेवू शकेल.

आता त्या खुर्चीच्या प्रसंगाचे पुढे काय झाले ते सांगून आपली रजा घेतो. दोन महिन्यांनी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. आधी त्या लहान मुलीच्या घरी गेलो होतो. तिच्या ओठाची जखम केव्हाच भरली होती, आणि तिला तो प्रसंग आमच्यापेक्षा कमी आठवत होता. मुलाच्या आईने दार उघडले ते अर्धेच. आम्ही येण्याचे कारण सांगितले तेव्हा तिने मुलास हाक मारली. आम्ही त्यास म्हणालो, "बाळ, त्या दिवशी सर्वांसमोर तुझा हात धरून ओढला, ते आमचे चुकले." त्याने आमच्याकडे संशयाने पाहिले आणि विचारले, "तुम्हाला कोणी सांगितलं सॉरी म्हणायला?" आम्ही म्हणालो, "कोणी नाही." तो थोडा विचारात पडला. मग म्हणाला, "तिला लागलं होतं का खूप?" आम्ही सांगितले की ओठ फुटला होता, आता बरा आहे. "बरं," असे म्हणून तो आत पळाला, आणि त्याची आई दाराची दुसरी फळी उघडू लागली.

ते कुटुंब आज या सभागृहात आहे किंवा नाही हे आम्ही सांगणार नाही, आणि कोणी मान वळवून शोधू नये अशी आमची हात जोडून विनंती आहे.